सेल फिरतो, पण इंजिन पकडत नाही

कोरेगाव तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वडिलांची १९९७ ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरची, म्हणजे इंजिनात जाण्याआधी पेट्रोल आणि हवा ज्यात मिसळतात त्या भागाची. वडील गेल्या वर्षी गेले. ते दर रविवारी गाडी काढायचे. यंदा मे महिन्याच्या अखेरीस ती शेडमध्ये लावली ती लावलीच. दसऱ्याला पूजा करून देवळापर्यंत न्यावी म्हणून ताईंनी किल्ली फिरवली, तर सेल फिरतो पण इंजिन काही पकडत नाही. पहिल्या गॅरेजवाल्याने बॅटरी, प्लग आणि ठिणगीसाठी जोराचा करंट तयार करणारी कॉइल बदलली. दुसऱ्याने कार्बोरेटर बदलला. साडेनऊ हजार रुपये गेले, गाडी होती तिथेच आहे. आता तो म्हणतो इंजिन खोलावं लागेल, आणि भाऊ म्हणतो भंगारात दे. गाडी ठेवावी का, असंही ताई विचारतात. पत्राच्या शेवटी ताईंनी लिहिलंय: "पाच-सहा वेळा सेल मारला तरी पेट्रोलचा वाससुद्धा येत नाही. कार्बोरेटर बदलायच्या आधीही येत नव्हता. याला काही अर्थ आहे का? डिकीत बाबांची हत्यारांची पिशवी तशीच आहे, आणि भाचा पॉलिटेक्निकला आहे, तो मदतीला येईल."

ताई, अर्थ आहे, आणि खूप मोठा आहे. तुमचं ते एक वाक्य साडेनऊ हजारांच्या सामानापेक्षा जास्त सांगून जातं. चोक ओढून पाच-सहा वेळा सेल मारल्यावर कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचा वास यायलाच हवा. नाकात भरेल इतका येतो, म्हणून तर आपण "ओव्हरफ्लो झाली, जरा थांबा" म्हणतो. तुमच्याकडे तो आधीही नव्हता आणि नवा कार्बोरेटर बसवल्यावरही नाही. म्हणजे पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचतच नसावं. दोष कार्बोरेटरच्या अलीकडे, टाकी आणि पंप यांच्या वाटेवर कुठेतरी असावा. हा माझा दाट संशय आहे, निदान नाही. निदान तुम्ही आणि भाचा मिळून करायचं आहे, आणि ते होईपर्यंत एकही नवा भाग विकत घ्यायचा नाही. इंजिन खोलू द्यायचं तर नावच नको.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. सेल फिरतो, याचा अर्थ बॅटरी आणि स्टार्टर आपापलं काम करताहेत. त्यामुळे धक्का मारून काही होणार नाही. धक्क्याने इंजिन फिरतं, ते तर तुमचं फिरतंच आहे. अशी गाडी ढकलून दमलेली माणसं मी खूप पाहिली आहेत. एवढंच बघा की भाचा सेल मारत असताना बॅटरीला लावलेल्या व्होल्टमीटरवर ती साडेनऊ-दहा व्होल्टच्या खाली जात नाही. त्यापेक्षा खाली गेली तर इंजिन फिरताना दिसतं, पण ठिणगीला जोर उरत नाही. एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त सेल मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. स्टार्टर तापून जळाला तर एकाचे दोन दोष होतील.

फिरणाऱ्या इंजिनाला पकडायला चार गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा, वेळेवर ठिणगी आणि सिलिंडरमधला दाब, ज्याला गॅरेजात कॉम्प्रेशन म्हणतात. चारांतली एक जरी नसली तरी बाकीच्या तीन नव्या कोऱ्या असून उपयोग नाही. तुमच्या गाडीवर जे झालं ते असं, की कोणती गोष्ट कमी आहे हे न विचारताच सामान बदललं गेलं. याचा मला मनापासून राग येतो, कारण ती विचारपूस फुकट असते आणि अर्ध्या तासात होते.

काम उघड्यावर, दिवसाउजेडी करा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. जवळ कुणी विडी-सिगारेट ओढत नको. वाळूची बादली किंवा आग विझवायचा सिलिंडर हाताशी असू द्या. पेट्रोलच्या कामात उजेडासाठी टॉर्चच घ्या, चुकूनही काडी नको.

सुरुवात कानाने करा. भाचा सेल मारेल, तुम्ही बॉनेटजवळ उभ्या राहा. तीन सिलिंडरचं धडधाकट इंजिन सेलवर फिरताना ठेका धरतं, ढुग-ढुग-ढुग असा. प्रत्येक ढुगला एक पिस्टन दाबाविरुद्ध वर जात असतो. तो ठेका ऐकू आला तर कॉम्प्रेशन आहे आणि इंजिन खोलण्याची भाषा खोटी आहे. ठेका नसेल, शिलाई मशीन रिकामं फिरावं तसं हलकं, सपाट, नेहमीपेक्षा जलद फिरत असेल, तर लगेच थांबा. टायमिंग बेल्ट तुटला किंवा घसरला असण्याची ती खूण आहे.

या गाडीत हे तपासणं फार सोपं आहे, कारण प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर आणि पेट्रोलचा पंप हे दोन्ही एकाच कॅमशाफ्टवर, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर चालतात, आणि कॅमशाफ्ट फिरवतो तो टायमिंग बेल्ट. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा, वायरी जोडलेल्या तशाच बाजूला ठेवा आणि भाच्याला क्षणभर सेल मारायला सांगा. आतला रोटर फिरला तर बेल्ट शाबूत आहे. फिरला नाही तर ठिणगी, पेट्रोल आणि कॉम्प्रेशन तिन्ही एकाच वेळी का गेलं, ते तिथेच कळलं. मग किल्ली काढून ठेवायची आणि फक्त बेल्टचं काम करून घ्यायचं. चार महिने उभ्या गाडीचा बेल्ट सहसा तुटत नाही, म्हणून मला ती शंका कमी वाटते. पण रोटर बघायला दोन मिनिटं लागतात आणि कॅप उघडलीच आहे तर आतून ओल आली आहे का, काळ्या केसासारख्या रेघा पडल्यात का, तेही दिसेल. तुमच्याकडे पावसाळाभर गाडी शेडमध्ये होती. कोरड्या सुती फडक्याने कॅप आतून पुसा. रेघा असतील तर करंट त्या वाटेने पळतो, तेव्हा कॅप बदलावीच लागते.

आता ठिणगी. बाबांची पिशवी उघडा. त्या पिढीची माणसं काढलेला प्लग टाकत नसत, वेळेला असू दे म्हणून फडक्यात गुंडाळून ठेवायची. तसा एखादा जुना प्लग मिळाला तर तोच घ्या. इंजिनातले प्लग काढायची गरज नाही, उलट ते जागेवर असलेलेच बरे, कारण मोकळ्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि तिथेच ठिणगी पाडणं धोक्याचं. एका प्लगची वायर काढून जुन्या प्लगला लावा. प्लगचं धातूचं अंग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवून वायरच्या तुकड्याने घट्ट बांधा. हातात धरू नका, झटका जोराचा बसतो. सावलीत भाच्याला सेल मारायला सांगा. निळसर, टक-टक आवाजाची ठिणगी पडली तर ठिणगीचा प्रश्न मिटला. पिवळट, दमलेली पडली तर तिला पडली म्हणू नका.

ठिणगी नसेलच, तर पुन्हा कॉइल बदलू नका. बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प घ्या. किल्ली चालू करून कॉइलच्या अधिक टोकाला लावा. दिवा लागला पाहिजे आणि सेल मारत असतानाही लागलेला राहिला पाहिजे. काही जुन्या गाड्यांत इग्निशन स्विच झिजलेला असतो, तो किल्ली चालूवर करंट देतो आणि सेल मारला की नेमका तोडतो. अशी गाडी माणसाला महिनोन्‌महिने चकवते. अधिक टोकाला करंट नीट असेल तर दिवा कॉइलच्या उणे टोकाला लावून सेल मारा. दिवा लुकलुकला तर डिस्ट्रिब्युटर आपलं काम करतोय, मग दोष कॉइल, मधली जाड वायर, रोटर किंवा कॅप यांत. लुकलुकला नाही तर डिस्ट्रिब्युटरच्या आत. तिथे पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे दोन धातूचे तुकडे, असतील तर ओल्या हवेत त्यांच्या तोंडावर बुरशीसारखा थर बसतो. बारीक पॉलिश पेपर एकदा फिरवून स्वच्छ कापडाने पुसला की बहुतेक वेळा काम होतं. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक असेल तर वायरमनकडे न्या, ते घरी करायचं काम नाही.

प्लग बदलताना वायरींची अदलाबदल झाली नाही ना, हेही बघून घ्या. या इंजिनात सिलिंडरांना ठिणगी मिळायचा क्रम १-३-२ आहे. रोटर कोणत्या दिशेने फिरतो ते पाहा आणि कॅपवरून त्याच दिशेने वायरी मोजत जा.

पण ताई, मला वाटतं तुमच्याकडे ठिणगी चांगली निघेल. खरी गोष्ट पुढे आहे.

एअर फिल्टरचं झाकण काढा. इथे थांबून फिल्टरच्या डब्यात नीट बघा. माझ्याकडे एकदा एक ओम्नी ओढत आणली होती, तिच्यात तीन नवे भाग बसवून झाले होते. झाकण उघडलं तर उंदराने भाताचं काड आणि सीटचा फोम कोंबून डबा गच्च भरला होता. इंजिनाला श्वास घ्यायलाच जागा नव्हती. शेतघराच्या शेडमध्ये चार महिने उभी असलेली गाडी म्हणजे उंदराला आयतं घर. वायरी आणि रबरी नळ्या कुरतडल्या आहेत का, तेही याच वेळी बघा.

फिल्टर निघाला की कार्बोरेटरचं तोंड समोर येतं. इंजिन बंद, किल्ली बंद. चोकची मूठ ओढली की वरची पत्री तोंड झाकते का, पाहा. नवा कार्बोरेटर बसवताना चोकची केबल ढिली राहणं नेहमीचंच आहे. मग चोक आत ढकला, टॉर्चचा उजेड तोंडात पाडा आणि भाच्याला अॅक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबायला सांगा. आत पेट्रोलची बारीक, स्वच्छ धार उडाली पाहिजे. दोन-तीनदा दाबूनही काही उडत नसेल तर कार्बोरेटरची वाटी, म्हणजे त्यात पेट्रोल साठायची जागा, कोरडी आहे. तुमच्या नाकाने सांगितलेलं आता डोळ्यांनीही पाहिलं.

याच्या पुढची परीक्षा मला सगळ्यांत जास्त आवडते, कारण ती एका झटक्यात तीन प्रश्नांची उत्तरं देते. ताजं पेट्रोल चहाच्या एक-दोन चमचे एवढंच कार्बोरेटरच्या तोंडात सोडा. पेट्रोलची बाटली बूच लावून वीस पावलं दूर नेऊन ठेवा. फिल्टरचं झाकण परत बसवा, हे विसरू नका, कारण कधी कधी इंजिन उलटी ठिणगी मारतं आणि उघड्या तोंडातून जाळ वर येतो. कुणीही बॉनेटवर वाकलेलं नको. आता सेल मारा. इंजिन पकडून तीन-चार सेकंद चाललं आणि विझलं, तर समजा की ठिणगी आहे, कॉम्प्रेशन आहे, टायमिंग आहे. उपाशी आहे ते फक्त पेट्रोलला. ते तीन-चार सेकंद ऐकताना तुम्हाला काय वाटेल याची मला कल्पना आहे, पण लगेच पुन्हा पुन्हा पेट्रोल ओतत बसू नका. उत्तर एकदा मिळालं की पुरे.

मग पंप. मारुती ८०० च्या या मॉडेलला विजेचा पंप नाही. हेडला लावलेला छोटा यांत्रिक पंप आहे आणि त्याच्या आत एक रबरी पडदा वर-खाली होऊन पेट्रोल ओढतो. नळ्या काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, कुठली नळी कुठे होती हे नंतर आठवत नाही. कॉइलची अधिक टोकाची वायर काढून तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. कार्बोरेटरला येणारी नळी काढून तिचं टोक काचेच्या बाटलीत धरा आणि सेल मारा. ठेक्याठेक्याने पेट्रोल पडलं तर पंप चांगला आहे, मग कार्बोरेटरमध्ये पेट्रोल शिरतं तिथली जाळी किंवा पेट्रोल आत सोडणारी सुई अडकली आहे. काहीच पडलं नाही तर टाकीकडून पंपाला येणारी नळी काढून त्या जागी नळीचा एक तुकडा लावा आणि तो ताज्या पेट्रोलच्या बाटलीत बुडवा. आता पंप बाटलीतून ओढू लागला तर पंप निर्दोष, टाकीकडची वाट बंद. बाटलीतूनही ओढत नसेल तर पंप गेला, बहुधा त्याचा पडदा. फुटलेल्या पडद्यातून पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं, म्हणून ऑइलची पट्टी काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास असेल तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नका.

आमच्या उमेदवारीच्या काळात मे महिन्यात घाट चढून आलेल्या गाड्या वर येऊन बंद पडायच्या. जुने ड्रायव्हर निमूटपणे ओलं फडकं पंपावर टाकून झाडाखाली बसत. पेट्रोलची वाफ होऊन पंप नुसती हवा ओढायचा, थंड झाला की गाडी चालू. पंप हा या गाड्यांचा हळवा भाग आहे हे तेव्हापासून डोक्यात बसलंय.

बाटलीच्या परीक्षेतून टाकीकडे बोट गेलं, तर टाकीतल्या पेट्रोलबद्दल दोन शब्द. तुमच्या भागात ऊस पिकतो, त्यापासून कारखान्यांत इथेनॉल तयार होतं आणि ते आज आपल्याच पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर उभी राहिली की पाणी वाढत जातं आणि एका मर्यादेनंतर पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून फुटून तळाशी बसतं. पंपाची नळी नेमकी तळातूनच ओढते. टाकीचा पत्राही त्याच पाण्याने गंजतो आणि तो गंज पेट्रोलचा फिल्टर तुंबवतो. शिवाय १९९७ च्या गाडीचं रबर या मिश्रणासाठी बनवलेलं नव्हतं. नळ्या कडक होऊन त्यांना केसाएवढ्या चिरा पडतात. अशा चिरेतून पेट्रोल गळेलच असं नाही, पंप त्या वाटेने हवा ओढतो आणि जमिनीवर एक थेंबही दिसत नाही. म्हणून मे महिन्यातलं पेट्रोल काढून टाका, काचेच्या बाटलीत थोडं घेऊन तासभर ठेवा आणि तळाशी वेगळा थर दिसतो का पाहा. पेट्रोलचा फिल्टर नवा लावा. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या, परतीचीसुद्धा, नव्या घाला. घेताना इथेनॉलच्या पेट्रोलला चालणाऱ्या नळ्या असं स्पष्ट सांगा. काटा पाव टाकी दाखवतोय म्हणून विसंबू नका, जुना काटा अडकतो. पाच लिटर ताजं पेट्रोल घालूनच तपासा.

गाडी ठेवावी का, हा तुमचा दुसरा प्रश्न. इंजिनामुळे ही गाडी भंगारात जात नसते, पत्र्यामुळे जाते. मॅट उचलून तळाचा पत्रा आणि पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या माथ्याजवळचा पत्रा बोटाने दाबून बघा. तिथे भोकं नसतील तर माझं मत ठेवा असं आहे. कागद मात्र लगेच बघा. १९९७ च्या नोंदणीची १५ वर्षं २०१२ ला संपली, त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं. आरसी अजून बाबांच्या नावावर असेल तर वारस म्हणून फॉर्म ३१ भरून ती नावावर करून घ्या आणि विमाही. याला मुदत असते, ती उलटली असेल तरी आरटीओत जाऊन विचारा. भंगारात द्यायची झाली तरी कागद लागतातच.

आणि एक काम उद्या सकाळी दुकान उघडायच्या वेळेलाच करा. दुसऱ्या गॅरेजवाल्याकडे जा आणि काढलेला जुना कार्बोरेटर परत मागा. तो तुमचा आहे. बाबांनी इतकी वर्षं जपून चालवलेल्या गाडीचा मूळ कार्बोरेटर बाजारात मिळणाऱ्या नकलेपेक्षा पुष्कळदा चांगला निघतो आणि माझ्या अंदाजाप्रमाणे तो मुळात बिघडलेलाच नव्हता. पहिल्या गॅरेजवाल्याकडून जुनी कॉइलही मागून घ्या. मग बाटलीत पेट्रोल आलं की नाही, आणि आलं तर कुठल्या नळीतून, एवढं मला कळवा.